अनुभव धागा: धानाच्या गावातून श्रीलंकेच्या तलावांकडे

सुरुवात मी करते (निवृत्त परिचारिका, तालुका साकोली)

राखीच्या दुसऱ्या दिवशी, 20 ऑगस्ट 2024 ला, आम्ही चौघं नागपूरहून जी.टी. एक्सप्रेसने चेन्नईला निघालो आणि पोळ्याच्या आत घरी पोहोचलो. मधले दिवस श्रीलंकेत काढले. आम्ही दोघं आणि शेजारचे गुरुजी-वहिनी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. बत्तीस वर्षांत त्या भिंतीवरून ताक गेलं, विरजण गेलं, लेकरांची पुस्तकं गेली. रात्री-अपरात्री मला बाळंतपणाला बोलावणं आलं की माझी मुलगी वहिनींकडे झोपायची.

तारखा रोवणीने (धानाच्या लावणीने) ठरवल्या. रोवणी आटोपल्याशिवाय घर सोडणं आमच्या भागात शक्य नाही. पैशाचंही सांगते, कारण पुष्कळांचं अडतं ते तिथेच. आम्हा तिघांना पेन्शन आहे. वहिनी अंगणवाडी सेविका होत्या, त्यांना पेन्शन नाही. त्यांनी आपला खर्च धान विकून आलेल्या चुकाऱ्यातून केला, गुरुजींकडून एक रुपया घेतला नाही. रोज सकाळी चौघांचे सारखे पैसे एका बटव्यात टाकायचे आणि संध्याकाळी वहिनींनी वहीत हिशेब मांडायचा, असं ठरलं. त्यामुळे "तुम्ही दिले, आम्ही दिले" हा विषय एकदाही निघाला नाही. दुसरा नियम दुपारचा. जेवण झालं की दोन तास आपापल्या खोलीत. माणूस कितीही जवळचा असो, दिवसभर सोबत राहिलं की थकवा बोलण्यात उतरतो.

तब्येतीचं थोडं. बीपी-शुगरच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, एक अंगाजवळ. डॉक्टरची चिठ्ठी सोबत हवी. श्रीलंकेचं घड्याळ आपल्या घड्याळाबरोबरच चालतं, म्हणून गोळ्यांच्या वेळा बदलाव्या लागत नाहीत. जेवण तिन्ही वेळा भाताचंच मिळतं, धानपट्ट्यातल्या माणसाला परकं वाटत नाही. मसुरीचं वरण, फणसाची भाजी, नारळाचा पोल संबोल. मात्र शाकाहारी असाल तर संबोल विचारून घ्या, त्यात बरेचदा सुक्या माशाचा चुरा असतो. वहिनींना हे पहिल्या घासाला कळलं आणि तो दिवस त्यांनी दह्यावर काढला. दही मात्र काय सांगू! म्हशीचं, मातीच्या गाडग्यात विरजलेलं, वरून कितुल माडाच्या रसाचा काकवीसारखा पाक.

एक तक्रार आहे. गुरुजींचे गुडघे दुखतात म्हणून खालची खोली आम्ही आधीच सांगून ठेवली होती. डोंगरातल्या एका लॉजवर तरी दुसऱ्या मजल्यावरची दिली, लिफ्ट नाही. रात्री दहा वाजता भांडायची ताकद नव्हती. तुम्ही हे लेखी घ्या आणि आदल्या दिवशी फोन करा.

आता बाकीचे लिहितील. तुम्हीही दोन-तीन जोडप्यांनी मिळून रानावनात, पाण्याकाठी अशी सहल केली असेल तर लिहा. काय पाहिलं एवढंच नको, सोबत कसं जमलं तेही लिहा.

निवृत्त कालवा निरीक्षक (वरच्या बाईंचे यजमान)

चौतीस वर्षं मी पाणीपाळ्या फिरवल्या. तलाव दिसला की माझी नजर आधी पाळीवर (बांधावर) जाते, मग तुडुमावर (पाणी सोडायच्या तोंडावर), मग सलंगावर (सांडव्यावर). हबरनाहून पुढे गेल्यावर मिन्नेरिया तलावाची पाळ दिसली तेव्हा मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. बाकीच्यांना हत्ती पाहायचे होते, तरी अर्धा तास कोणी कुरकुर केली नाही. गुरुजी माझ्यासोबत पाळीवरून चालत आले.

हा तलाव महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस बांधला. सतराशे वर्षांवर झाली, आजही त्याच्या पाण्यावर धान पिकतं. त्या राजाच्या नावावर सोळा तलाव सांगतात. लोकांनी त्याला मिन्नेरियाचा देव केलं, पाळीजवळ त्याचं देऊळ आहे. तिथे उभं राहून मला आपल्याकडचं नवेगावबांध आठवलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांध घातला. त्यांचाही कोलासूर देव झाला, तलावाभोवतीच्या डोंगरावर त्याचं ठाणं आहे. समुद्राच्या अलीकडे-पलीकडे धान पिकवणाऱ्या लोकांनी पाणी अडवणाऱ्या माणसाला सारखाच मान दिला. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर पुस्तकी वाटलं असतं. तिथे हात आपोआप जोडले गेले.

त्यांची जी गोष्ट मी डोळ्यांत साठवून आणली ती बिसोकोटुव. पाळीत चौकोनी, दगडाने बांधलेली विहीर असते. तलावाचं पाणी आधी तिच्यात येतं, तिथे त्याचा जोर मोडतो, मग ते शांतपणे पाटात सोडतात. आपल्या मालगुजारी तलावांना तुडुम असतं, पण तलाव भरलेला असताना पाण्याचा सगळा दाब तुडुमाच्या तोंडावर येतो. माझ्या नोकरीत पावसाळ्यात तुडुमाशेजारून पाळ पाझरायला लागली की रात्र रात्र मातीची पोती टाकत बसावं लागे. त्या विहिरीच्या काठावर मी खाली वाकून दगडांचे सांधे पाहत होतो. सांध्यातून बारकी नेचं उगवली होती, दगड जागचा हलला नव्हता.

दुसरी गोष्ट झाडांची. तलावाच्या वरच्या अंगाला झाडांचा पट्टा राखतात, त्याला गस्गोम्मन म्हणतात. तो वारा अडवतो, पाण्याची वाफ कमी होते. पाळीखाली आणखी एक झाडोरा, कट्टकडुव. पाझरलेल्या पाण्यातला खार तो शेतात जाऊ देत नाही. एका तलावाचं जास्तीचं पाणी खालच्या तलावात, तिथून त्याच्या खालच्या, अशी ओळ. आपल्याकडेही तलाव आणि बोड्यांची (लहान तळ्यांची) अशीच ओळ होती. 1950 च्या कायद्याने मालगुजारी (गावाची जमीनदारी) गेली, ते योग्यच झालं, पण तलावाला गावाचा हात लागायचा तोही सुटला. आमच्या गावच्या तलावात आज बेशरमाचं झुडूप माजलं आहे आणि देवधान (पाण्यात आपोआप उगवणारं धान) शोधावं लागतं.

सगळं तिथे गोड आहे असंही नाही. वरच्या मोरगहकंद धरणाचं पाणी आता कोरड्या महिन्यांतही मिन्नेरियात येतं. पाणी उतरलं की गाळपेराच्या जागेवर जे कोवळं गवत येतं ते मग बुडून राहतं, आणि हत्ती त्या गवतासाठीच येतात. म्हणून गाइड सकाळी फोन करून विचारतात, हत्ती आज मिन्नेरियात की शेजारच्या कौडुल्ला तलावावर. आम्हाला कौडुल्लाला नेलं. पाणी सोडणाऱ्याने फक्त शेताचा विचार करून चालत नाही, हे मी नोकरीत असताना कोणी शिकवलं नव्हतं.

गुरुजी (जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त)

मी पक्ष्यांचा माणूस. नागझिऱ्यात पहाटे भृंगराज ऐकत वाढलो. सिंहराजा हे दक्षिणेकडचं पावसाळी रान, 1988 पासून जागतिक वारसा. ऑगस्टमध्ये तिथे पाऊस असतोच. तिथली गंमत अशी की तासभर रान मुकं असतं आणि एकदम वीस-पंचवीस जातींचे पक्षी घोळक्याने येतात. पुढे नारिंगी चोचीचे सातभाई कलकलत चाललेले, सोबत तुरेवाला श्रीलंकी कोतवाल. एकाने उडवलेले किडे दुसरा टिपतो. कोतवाल दुसऱ्यांचे आवाजही काढतो. पाच-सहा मिनिटांत सगळे पुढे निघून गेले. मी छत्री मिटून भिजत उभा होतो आणि वहिनी (परिचारिका बाई) माझ्या पायावरच्या जळवा मिठाने काढत होत्या.

हॉर्टन प्लेन्स हे पठार दोन हजार मीटरच्या वर आहे. फाटकावर पिशव्या तपासतात, प्लास्टिक काढून घेतात. आमचा चिवडा कागदात बांधून दिला. पूर्ण फेरा नऊ किलोमीटरचा. मला तो झेपणार नव्हता. साहेब (कालवा निरीक्षक) म्हणाले, "या दोघी जाऊन येतील, आपण इथं बसू." त्यांना पुढचा मोठा कडा (वर्ल्ड्स एंड) पाहण्याची किती हौस होती ते मला ठाऊक होतं. पहिल्या छोट्या कड्याजवळ आम्ही पाऊण तास धुक्यात बसलो. खाली काही दिसलं नाही. त्यांनी मला त्यांच्या पहिल्या नेमणुकीची गोष्ट सांगितली. बत्तीस वर्षांत ती मी ऐकली नव्हती.

तिकडे जायचं तर पहाटे जा. नऊ-दहानंतर धुकं चढतं.

निवृत्त एस.टी. वाहक, आर्वी

आम्ही दोन मित्र सपत्नीक जानेवारीत सिंहराजाला गेलो होतो. पाऊस कमी, जळवा कमी, निळा मॅगपाय अगदी जवळून दिसला. ज्यांना ओलं सोसत नाही त्यांनी जानेवारी-फेब्रुवारी धरावा. आमचं मात्र पैशावरून वाजलं होतं, तिसऱ्या दिवसापासून दोन टेबलांवर जेवलो. बटव्याची कल्पना आधी कळायला हवी होती.

शेतकरी, कुरखेडा

वहिनींनी लिहावं ही विनंती. हत्ती पाहायला पैसे देऊन जावं हे आमच्या भागातल्या माणसाच्या मनाला पटत नाही. म्हणून विचारतो.

अंगणवाडी सेविका (सांगते मी, टाइप करतो नातू)

कुरखेड्याच्या भाऊंना सांगते, माझ्याही मनाला पटत नव्हतं. 2022 च्या थंडीत हत्तींचा कळप आमच्या साकोली-लाखनीच्या अंगाला आला होता. आमचं धान कापून झालं होतं, पुंजणे (धानाचे ढीग) रचलेले. सकाळी पाहायला गेली तर पुंजणा पसरलेला, शेणात धानाचे दाणे, बांधीभर (शेतभर) पायाचे ठसे. एकेक ठसा सुपाएवढा. मी धुऱ्यावर बसून राहिली. रडलीसुद्धा नाही. म्हणून श्रीलंकेचं ठरलं तेव्हा मी म्हटलं, तलाव पाहीन, बुद्ध पाहीन, हत्ती पाहायला काहून येऊ? सिस्टरबाई म्हणाल्या, "नको वाटलं तर गाडीत बसून राहा."

गाडीतच बसली. दुपारचे चार वाजले असतील. आधी दहा दिसले, मग झाडीतून निघतच राहिले. नव्वदपर्यंत मोजले आणि सोडून दिलं. एक मादी आमच्या जीपपासून वीस-पंचवीस हातांवर होती. पुढच्या पायाच्या नखाने गवत खरडायची, सोंडेने जुडी गोळा करायची, पायावर दोनदा झटकून माती पाडायची, मग तोंडात. आपण भाजी निवडतो ना, तशी. तिचं पिलू तिच्या पोटाखाली उभं राहून तसंच करायला पाहत होतं, पण त्याच्या सोंडेत जुडी राहत नव्हती, गळून पडायची. ते पुन्हा उचले. माझ्या अंगणवाडीत लेकरं पहिल्यांदा आपल्या हाताने खिचडी खायची, ते आठवलं. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. नुकसान ते नुकसानच, त्याची भरपाई वेळेत मिळाली पाहिजे. पण पोटासाठी ते किती मेहनत करतात हे मी पाहिलं.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो त्या बाईचं शेत मागेच होतं. तिला माझी बोली येत नाही, मला तिची नाही. धान पाहून मी हातात ओंबी घेतली, दाणा दाताखाली दाबला, तर ती हसली आणि मला हाताला धरून शेताकडे घेऊन गेली. त्यांचं धान कापणीला आलं होतं. शेताभोवती विजेची तार, आणि कडेच्या झाडावर लाकडाची माची, वर झावळ्यांचं छप्पर, शिडी लावलेली. माचीवर टॉर्च, फटाके, पाण्याची बाटली, एक चटई. कोणी न सांगता समजलं, ही जागल (रात्रीची राखण) आहे. "अली," ती म्हणाली आणि रानाकडे बोट केलं. हत्तीला ते अली म्हणतात.

ती आधी चढली आणि मला वरून हात दिला. वरून तिची बांधी दिसत होती, पलीकडे तलावाची पाळ. तिने दोन बोटं दाखवली, मग तळव्यावर गाल टेकवून मान हलवली. दोन रात्री झाल्या, झोप नाही. मी तीन बोटं दाखवली आणि गावाकडे, म्हणजे मला वाटलं त्या बाजूला, हात केला. मग आम्ही दोघी त्या चटईवर अंधार पडेपर्यंत बसलो.