मदत हवी आहे: रम घालून कोळंबी केली, पार रबर झाली

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरकर, बायको मात्र वेंगुर्ल्याची. इथं उजनीचे मासे पाहिजे तेवढे मिळतात, चिलापी म्हणा कटला म्हणा, पण समुद्राची कोळंबी म्हणजे बर्फातलीच. लग्नाआधी तिनं गोव्यात लसणीची, वरून दारू ओतून जाळ केलेली कोळंबी खाल्ली होती, अजून आठवण काढते. रविवारी तिचा वाढदिवस, म्हणून ती माहेरी गेली होती तेव्हा गुपचूप एकदा करून बघितली.

अर्धा किलो फ्रोजन कोळंबी नळाखाली धरली आणि तशीच लोण्या-लसणीवर टाकली, तर कढईत पाणीच पाणी, ते आटेपर्यंत दहा मिनिटं गेली, मग अर्धी क्वार्टर रम ओतली, काडी लावली तर जाळ धरेना, शेवटी झाकण ठेवलं. कोळंबी आवळून अंगठीएवढी झाली, चावता चावेना, आणि रस इतका उग्र की घशात जळजळ. साडेचारशे रुपयांची कोळंबी होती, लई वाईट वाटलं.

रम किती घालायची? ब्रँडी किंवा काजू फेणी बरी का? आणि आई मासे खाते पण दारूला शिवत नाही, उकळल्यावर दारू उडून जाते हे खरं आहे का? प्लीज सांगा.

प्रतिसाद १
दादा, चूक पाण्याची आहे. कोळंबी आदल्या रात्री फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा, दोरा काढा, सुती फडक्यानं एकदम कोरडी टिपा, मग मीठ-हळद-तिखट. पॅन कडकडीत तापू द्या आणि दोन घाण्यात टाका, एका बाजूला मिनिट-दीड मिनिट बास. अर्धगोल वळली की झाली, पूर्ण गोल वळली म्हणजे जास्त शिजली. ती ताटलीत काढा, त्याच पॅनमध्ये लोणी, लसूण, मग गॅस बंद करून ४५ मिली रम, परत गॅस लावून रस दाट होऊ द्या, लिंबू पिळा, कोळंबी घोळवा आणि लगेच वाढा. ब्रँडी सौम्य लागते, फेणीचा वास सगळ्यांना झेपत नाही.

प्रतिसाद २
आपल्याकडची रम ४२.८ टक्के असते, तुमच्या पाण्यात ती पातळ झाली, जाळ कसा धरणार? जाळ नाही केला तरी चव येते. करायचाच असेल तर बाटलीतून थेट ओतू नका, वाटीत मोजून घ्या, चिमणी बंद, झाकण हाताशी, पोरं लांब. आणि दारू सगळी उडत नाही ओ, नुसता जाळ केला तर बरीचशी आतच राहते. आईंचा वाटा रम घालायच्या आधीच काढा, त्यांच्यासाठी कोकमाचं आगळ घाला.

धागाकर्ता
खूप आभार दोघांचे! आईचं आधीच वेगळं काढतो, तिला न सांगता खायला घालणं मला जमणार नाही. आज पाव किलोवर करून बघतो. अजून एक सांगा, त्या रसात कडक भाकरी चुरून चांगली लागेल, की पावच आणू?