शुक्राला वळसा घालून यायची योजना सोडून दिली, ही चूक होती का?

शुक्रतारा:
बेलकॉम या नासासाठी नियोजन करणाऱ्या कंपनीने १९६७ मध्ये एक आराखडा केला होता. सॅटर्न ५ रॉकेटवर तीन अंतराळवीर ३१ ऑक्टोबर १९७३ ला निघणार, ३ मार्च १९७४ ला शुक्राच्या अगदी जवळून जाणार आणि १ डिसेंबरला पृथ्वीवर परत येणार. एकूण ३९६ दिवस. उतरायचं नाही, शुक्राभोवती थांबायचंही नाही. रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्यातला हायड्रोजन संपला की तीच रिकामी टाकी त्यांचं घर होणार. परतीसाठी मोठं इंजिन पेटवायची गरज नव्हती, शुक्राचं गुरुत्वाकर्षणच यानाची वाट घराकडे वळवणार होतं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे, हे व्हायला हवं होतं. रॉकेट होतं, यान होतं, माणसं तयार होती. दुसऱ्या ग्रहाच्या जवळ आजवर एकही माणूस गेलेला नाही, आणि ती संधी पन्नास वर्षांपूर्वी हाताशी होती.

मोजपट्टी:
३९६ दिवसांतला शुक्राजवळचा वेळ किती? काही तास. आणि खिडकीतून दिसणार काय, तर ढग. मरिनर १० हे मानवरहित यान ५ फेब्रुवारी १९७४ ला, म्हणजे तुमच्या तारखेच्या महिनाभर आधी, शुक्राजवळून गेलंच. अतिनील प्रकाशात त्या ढगांचे पट्टे टिपले आणि २९ मार्चला बुध गाठला. त्याला ना हवा लागली, ना जेवण, ना परत यायची घाई. मग माणसं कशाला पाठवायची?

शुक्रतारा:
मरिनर १० नंतरचं आहे. आराखडा करणाऱ्यांसमोर मरिनर ४ होतं. जुलै १९६५ मध्ये त्याने मंगळाची २२ छायाचित्रं काढली आणि सेकंदाला जेमतेम ८ बिट या वेगाने ती पाठवली. एकेक छायाचित्र यायला आठ तासांहून जास्त. माणूस गेला असता तर फिल्मची रिळंच्या रिळं घेऊन आला असता.

१९७५ च्या मंगळ फ्लायबायचा (म्हणजे न थांबता ग्रहाजवळून जाण्याचा) आराखडा तर याहून धाडसी होता. चौघांचं यान मंगळाजवळून जाताना एक छोटं यान खाली उतरून माती घेणार, वर झेपावून मोठ्या यानाला गाठणार आणि ती माती यानातल्याच प्रयोगशाळेत ताजी ताजी तपासली जाणार. मंगळाची माती अजूनही पृथ्वीवर आलेली नाही!

वर्कशॉप:
मी कारखान्यात देखभाल विभागात आहे, म्हणून मला आधी बिघाड दिसतो. चंद्राकडे निघालेल्या अपोलो १३ ची ऑक्सिजन टाकी फुटली तेव्हा घर चार दिवसांवर होतं. तेच शुक्राच्या वाटेवर झालं असतं तर? वाट आपोआप घराकडे वळते हे खरं, पण कित्येक महिन्यांनी. तोवर श्वास कशावर घ्यायचा?

शुक्रतारा:
पण बिघाड झाला की माणूसच उपयोगी पडतो ना? मे १९७३ मध्ये स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळ स्थानक वर जाताना तिचं उष्णतारोधक कवच फाटून गेलं. अंतराळवीरांनी छत्री उघडून ती थंड केली, अडकलेला सौरपंख मोकळा केला. माणसं नसती तर स्कायलॅब गेलीच होती.

वर्कशॉप:
ती छत्री जमिनीवर तयार झाली आणि माणसं ती घेऊन स्कायलॅबनंतर अकरा दिवसांनी वर गेली. शुक्राच्या वाटेवर ती कोण पोचवणार होतं? शिवाय स्कायलॅबसाठीही आधी अंतराळात टाकी रिकामी करून घर मांडायचं ठरलं होतं. जुलै १९६९ मध्ये तो विचार सोडला आणि सगळं जमिनीवरच बसवून पाठवलं. पृथ्वीजवळ जे टाळलं, ते इतक्या लांब करायचं?

दवाखाना:
पेशाने डॉक्टर आहे, एकच मुद्दा मांडते. क्युरिऑसिटी गाडी मंगळाकडे जाताना यानाच्या आत रोज सुमारे १.८ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मोजला गेला. त्या हिशेबाने ३९६ दिवसांचे ७०० च्या आसपास होतात, आणि यात मोठं सौरवादळ धरलेलं नाही. तसं वादळ ऑगस्ट १९७२ मध्ये झालं, अपोलो १६ आणि १७ च्या मधल्या काळात. शुक्राकडे जाणं म्हणजे सूर्याच्या आणखी जवळ जाणं. २०१३ मध्ये अमेरिकन उद्योजक डेनिस टिटो यांनी मंगळाला वळसा घालायची ५०१ दिवसांची योजना जाहीर केली, तेव्हा मूल होण्याचं वय उलटलेलं विवाहित जोडपं हवं असं म्हटलं गेलं, त्यामागे हेच कारण होतं.

मोजपट्टी:
म्हणूनच म्हणतो, १९६७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने पैसे अडवले ते योग्यच केलं. तो पैसा यंत्रांना मिळायला हवा.

निशाचर:
मोजपट्टी, इथे मात्र तुमचं चुकतंय. जानेवारीत अपोलो १ च्या आगीत तिघे गेले होते, व्हिएतनाममध्ये पैसा ओतला जात होता, जुलैत डेट्रॉइट पेटलं होतं. अशा ऑगस्टमध्ये नासाच्या ह्यूस्टनच्या केंद्राने मंगळ-शुक्राच्या समानव फ्लायबायच्या अभ्यासासाठी निविदा काढली. काँग्रेसच्या अवकाशविज्ञान उपसमितीचे अध्यक्ष जोसेफ कार्थ संतापले. त्यानंतर जी कात्री चालली तिच्यात मंगळावर जाणाऱ्या मानवरहित व्हॉयेजरचा निधीही गेला (बाहेरच्या ग्रहांकडे गेलेली ती व्हॉयेजर याने वेगळी). माणसाची मोहीम बुडाली आणि यंत्राचीही. पुढच्या वर्षी मंगळासाठी व्हायकिंग हे मानवरहित यान नव्याने उभं करावं लागलं.

मोजपट्टी:
हे माहीत नव्हतं. रद्द केलं ते बरोबर, या मतावर मी ठाम आहे, पण पैसा यंत्रांना गेला असं यापुढे म्हणणार नाही.

शुक्रतारा:
डॉक्टर, सौरवादळावर माझ्याकडे उत्तर नाही. टाकीच्या भिंती त्यासाठी पुरल्या असत्या असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. तरी प्रयोगासाठी स्वतःला कोंडून घेतलेले रशियातले ते तिघे मनातून जात नाहीत. नोव्हेंबर १९६७ ते नोव्हेंबर १९६८ असं वर्षभर ते मॉस्कोतल्या बंद खोल्यांत राहिले, वापरलेलंच पाणी शुद्ध करून प्यायले, आत भाजी पिकवली. सोव्हिएत रॉकेटतज्ज्ञ कोरोल्योव्हच्या संस्थेत मंगळाला वळसा घालणाऱ्या जड यानाचा आराखडा होता, पण ज्या एन१ रॉकेटवर ते जाणार होतं ते चारही वेळा कोसळलं. ते तिघे मात्र वर्ष पुरं करून, चालत बाहेर आले.