पीककर्ज लांबले, तर कापूस सोडून सगळीकडे सोयाबीन पेरावे का?

काळीरेगूर (यवतमाळ): आमची सहा एकर कोरडवाहू जमीन आहे. दरवर्षी निम्म्यावर कापूस आणि निम्म्यावर सोयाबीनमध्ये तूर असते. मार्चमध्ये जुने पीककर्ज फेडले, परंतु बँक सिबिलचे (कर्जफेडीच्या जुन्या नोंदींवरून मिळणाऱ्या गुणांचे) कारण सांगून नवे कर्ज लांबवत आहे. कृषी केंद्र बियाणे व खत उधारीवर देण्यास तयार आहे. मात्र निघालेला माल त्यांच्याच आडत्याला (बाजारातील दलालाला) द्यावा लागेल. या परिस्थितीत कापूस पूर्ण सोडावा काय?

पऱ्हाटीवाला: कापसाला पैसा एकदा लागून भागत नाही. निंदण, डवरणी, फवारणी आणि शेवटी किलोमागे रोख द्यावी लागणारी वेचणीची मजुरी, असा खर्च हंगामभर चालतो. सोयाबीन मात्र सुमारे शंभर दिवसांत निघते आणि दिवाळीच्या आसपास पैसा देते. त्यामुळे कर्ज अडले की जमीन कापसाची असूनही माणूस सोयाबीनकडे वळतो. पण त्याच सुमारास सगळ्यांचा माल बाजारात येतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना अनेक बाजार समित्यांत त्याखाली सौदे झाले. उधारी फेडायची घाई असलेल्याला तो माल घरात ठेवता येत नाही, हे मला सर्वांत जास्त खुपते.

निवृत्त गटसचिव: उधारीचे व्याज कागदावर नसले, तरी ते खताच्या दरात आणि आडत्याने पाडलेल्या भावात वसूल होते. याउलट पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंत व्याजाचा भार पडत नाही. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारणही लागत नाही. म्हणून शाखेकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि उत्तर न मिळाल्यास जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांकडे तक्रार करावी. जास्त कर्जमर्यादेसाठी कागदावर कापूस दाखवून शेतात सोयाबीन पेरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून होणाऱ्या पिकाच्या सरकारी नोंदीत, वेगळे पीक दिसले की विम्याच्या वेळी अडचण येते.

तुरीचेतास: सोयाबीनचे घरचे बियाणे असेल, तर उधारीचा मोठा भाग टळतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत. सत्तर किंवा अधिक उगवले, तर एकरी ३० किलो पुरते. तुरीचे तास (ओळी) मात्र कमी करू नयेत. सोयाबीन पावसात सापडले, तर तूरच हात देते.

काळीरेगूर: सर्वांचे आभार. घरात चार पोती सोयाबीन राखलेले आहे; आजच उगवण तपासायला ठेवतो. कापूस एका एकरावर, म्हणजे घरच्या माणसांना वेचता येईल इतकाच लावेन, आणि उद्या बँकेत लेखी अर्ज देईन.