अनुभव धागा: जुनं सरकारी घर पाडलं, नवं झालं, मधल्या दिवसांत घरच्यांचं काय झालं?

सुईदोरा:
काल बेळगावात वडगावच्या पुढं कामाला गेले होते. एका जुन्या वसाहतीत घरांच्या भिंतींवर लाल ऑइलपेंटनं नंबर घातलेत, पाडायची आहेत म्हणून. एक आजी मीटरखाली उभ्या राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत होत्या, "बाळा, एवढा आरआर नंबर कागदावर उतरून दे." मी तो वीजजोडणीचा नंबर उतरून दिला, नातवाच्या मोबाईलवर फोटोही काढून दिला. घर पाडल्यावर आपण इथं राहत होतो हे दाखवायला लाइट बिलच कामाला येतं, हे आजींना कुणी शिकवायला नको होतं.

तेव्हापासून आमचंच घर डोळ्यासमोर येतंय. बाबांना सरकारच्या आश्रय घरकुल योजनेत वीस बाय तीस फुटांची जागा आणि त्यावर एक खोली मिळालेली. पाऊस लागला की स्लॅब गळायचा, आई शिलाई मशीनवर प्लास्टिकचा कागद टाकून ठेवायची. पुढं वसाहत नव्यानं बांधायचं ठरलं, सगळ्यांना आनंद. पण पाडल्यापासून बांधेपर्यंत राहायचं कुठं, हे कुणीच सांगितलं नाही. भाड्याच्या खोलीत लांब गेलो आणि आईची गिऱ्हाईकं तुटली. ब्लाउज शिवायला दोन बस बदलून कोण येणार? नवं घर चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. संडास घरात आला, रात्री डबा घेऊन बाहेर जाणं संपलं, एवढ्यासाठीच मी जन्मभर ऋणी आहे. पण आईचा धंदा परत उभा राहिला नाही आणि त्याची नोंद कुठल्याच फायलीत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलेही असा, लिहा. जनता घर, आश्रय, क्वार्टर, पुरानंतरचं घर, सगळं चालेल. ऑफिसांची आणि माणसांची नावं तेवढी नकोत.

सूपपान_निपाणी:
घर आईच्या नावावर. विडी कामगारांच्या घरकुल योजनेत २०१६ पासून दीड लाख मिळायचे, तीन हप्त्यांत. पहिला २५ टक्के, म्हणजे साडेसदतीस हजार. दगड, सिमेंट, गवंड्याची मजुरी, त्यात जोतं तरी वर येतंय का? भिंती लिंटलपर्यंत, म्हणजे दार-खिडकीच्या वरच्या पट्टीपर्यंत नेल्या की मग ६० टक्के. तिथवर न्यायला आईनं कानातलं गहाण ठेवलं. गल्लीत काही घरं जोत्यावरच अडकली, त्यावर आता टणटणी उगवलीय.

आणि नकाशात पुढच्या भिंतीला एकच बारकी खिडकी. विड्या वळणाऱ्या बाईला उजेड लागतो हो. फर्मा ठेवून पान कातरायचं, जर्दा भरायचा, वळायचं, दोरा बांधायचा, सगळं मांडीवरच्या सुपात. बल्बखाली हजार विड्या वळल्या तर डोळे जातात. शेवटी गवंडीमामांनी दाराबाहेर कट्टा बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. आई अजून तिथंच बसते.

चिकोडीची_सून:
कानातल्याचं वाचून गलबलून आलं. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की माझं लिहिते.

खटखट:
वडगाव, विणकर. आमच्याकडं घर म्हणजे माग आणि मागाच्या कडेनं राहायची जागा. आजोबांचा खड्डामाग होता, जमिनीत पाय सोडून बसायचे. बाबांपासून यंत्रमाग. आता सांगा, तीन मजली इमारतीत वरच्या मजल्यावर घर दिलं तर माग ठेवायचा कुठं? हादऱ्यानं खालच्याचं भांडं मांडणीवरून पडेल. थ्री फेज मीटरही तिथं देत नाहीत. माझ्या चुलत्यांनी तसंच घर घेतलं, माग भंगारात घातला, आता उद्यमबागेत एका कारखान्यात वॉचमन आहेत. साडी विणणारा माणूस. चिठ्ठ्या टाकायच्या आधी कोण कसलं काम करतंय एवढं विचारून माग असलेल्यांना तळमजला द्यायचा होता, इतकं साधं.

सुईदोरा:
@खटखट, दादा, अगदी हेच. आईच्या मशीनला निदान हादरा तरी नव्हता.

जांबोटीकाका:
सत्तरच्या दशकातली जनता घरं बघितलेला मी माणूस. देवराज अर्स मुख्यमंत्री होते. आमच्या गावात एका रांगेत बांधली, एक खोली, वर कौलं. कौलं खानापूरचीच. आमच्या तालुक्याची माती कौला-विटांना नावाजलेली, कुंभारकामाची सरकारी संस्थासुद्धा खानापुरात आहे. तर सांगायचं असं की जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस म्हणजे चार महिने थांबणं नाही. कौल फुटलं तर घरचा माणूस शिडी लावून बदलतो. स्लॅब गळला तर काय करणार? नव्या घरांना सगळीकडं एकच नकाशा, अथणीला तोच आणि कणकुंबीला तोच. अथणीत पावसाची वाट बघतात आणि आमच्याकडं पाऊस आमची. स्लॅबवर पत्र्याचं छप्पर घालायला पोराचे जे पैसे गेले, त्यात गाय आली असती.

घाटवाट:
काका यंदा चोर्ल्याचा रस्ता कसा आहे? गोव्याला जायचंय शनिवारी.

जांबोटीकाका:
खड्डे आहेत, सकाळी लवकर नीघ. धुक्यात गडबड करू नको.

सळई:
मी साइटवर सुपरवायझर आहे म्हणून लिहितो. जुन्या घरांचे स्लॅब का फुटतात, तर सळईच्या खाली काँक्रीटचं कव्हर पातळ. वरून पाणी झिरपतं, सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडतो. लोक वरचेवर गिलावा करून झाकतात, त्यानं आतला गंज थांबत नाही. हातोडीनं हळू ठोकून बघा. टणक आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर तिथं काँक्रीट सुटलंय, त्याच्याखाली बाळाचा पाळणा बांधू नका. सळई जागेवर असेल तर सुटलेलं फोडून, गंज घासून, रसायन लावून दुरुस्ती होते. सळई झिजून बारीक झाली असेल तर मात्र पाडलेलंच बरं. आणि पावसाआधी गच्चीवरचं पाणी जायचं पाइप साफ करा, निम्मी घरं तेवढ्यावर वाचतील.

सूपपान_निपाणी:
@सळई, आत्ता स्टुलावर चढून ठोकून बघितलं. न्हाणीघराच्या वर बद्द वाजतंय 😟

सळई:
ताई, फोटो पाठवा. तोवर तिथं उभं राहून अंघोळ नको.

वेदगंगाकाठ:
ऑगस्ट २०१९ चा पूर. पाणी उतरल्यावर घरांना ए, बी, सी लावले. पूर्ण पडलं तर ए, ५ लाख. आमची मागची भिंत पडली, पुढची उभी, म्हणून बी. मातीची भिंत गळ्यापर्यंत पाण्यात राहिली की उभी दिसली तरी संपलेलीच असते, हे पाहणीला आलेल्याला सासूबाई सांगत होत्या, तो फोटो काढत होता. पुढं थंडीत ती भिंत आपोआप बसली, कुणी आत नव्हतं हे नशीब. मग अर्ज, फेरअर्ज. पाया झाला की फोटो, लिंटल झालं की फोटो, स्लॅब झाला की फोटो, प्रत्येक फोटोनंतर हप्ता. फोटो काढणारा येईपर्यंत काम बंद, गवंडी दुसरीकडं निघून जातो.

आम्ही आधी शाळेत, मग नातलगांच्या गोठ्यात. म्हशी होत्या, त्या विकल्या. उंचावर नव्या जागा देतो म्हणाले तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांचा पहिला प्रश्न हाच, जनावरं कुठं बांधायची? दुधावर चूल चालते आमची. माणसांच्या घराचा नकाशा होता, गोठ्याचा नव्हता.

चिकोडीची_सून:
झाल्या शिट्ट्या. आमचं गावातलं घर, प्रधानमंत्री आवास ग्रामीणमधलं. १ लाख २० हजार, वर रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि संडासाला १२ हजार. आमच्या घरात तिघांनी मजुरी केली, मीसुद्धा विटा वाहिल्या. पण एक चांगलं झालं. घर माझ्या आणि ह्यांच्या, दोघांच्या नावावर. दारू पिऊन आले तेव्हा "चल निघ घरातून" म्हणाले होते एकदा, मी उतारा काढून पुढं ठेवला. परत तसं म्हणाले नाहीत. आता बरे आहेत, सोडलीय.

वेदगंगाकाठ:
शाब्बास वहिनी.

लालबागचा_भाचा:
मूळ खानापूर तालुका, आजोबा गिरणीत होते म्हणून मुंबई. आमचे पाहुणे वरळीच्या बीडीडी चाळीत, १६० फुटांची खोली. आता ५०० फुटांचं घर. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या चाव्या मिळाल्या. तिथं मधल्या काळासाठी संक्रमण शिबिर किंवा भाडं, दोन्हीची सोय आधी ठरली होती, त्यासाठी लोक किती वर्षं भांडले ते मी बघितलंय. बेळगावकडं हे भाडं मागताच येत नाही असं लोकांना वाटतं. मागा. पाडायच्या आधी मागा, नंतर कोण ऐकत नाही.

शाळेचा_डबा:
आम्हाला घर मिळालं ते गावाबाहेर. घर छान, हवा छान. पण पोरगी मराठी शाळेत चौथीला होती, नव्या वसाहतीजवळ फक्त कन्नड शाळा. चौथीत माध्यम बदलायचं कसं? वर्षभर तिची आजी तिला घेऊन जाऊन-येऊन करायची. २०२३ ला शक्ती योजनेत बायकांना बस फुकट झाली तेव्हा आजीनं मला पहिल्यांदा सांगितलं की तिकिटासाठी ती दुपारचा चहा सोडत होती.

चोवीसतास:
चांगलंही लिहू द्या. बेळगावात २००८ ला १० वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं, आमचा त्यात होता. आधी पाण्याची पाळी रात्री कधीही, आई बॅरलपाशी बसून पेंगायची. आमच्या दोन खोल्यांना स्वतःचा नळ आला तेव्हा तिनं बॅरल विकून मला सायकल घेतली.

सुईदोरा:
@शाळेचा_डबा, आजींना नमस्कार सांगा माझा. काय बोलावं कळत नाही.

मीटरवाली:
नवीन जागी गेल्यावर गृहज्योती, म्हणजे फुकट लाइटची योजना, बंद झाली आमची. जुन्याच आरआर नंबरला आधार जोडलेलं. दोन महिने पूर्ण बिल भरलं. सेवा सिंधू या सरकारी वेबसाइटवर जुना नंबर डी-लिंक करून नवा घालता येतो. घरातल्या बाईला मिळणारे गृहलक्ष्मीचे दोन हजार चालू राहिले.

अनगोळचा_नाना:
आमच्याकडं नोटीस आलीय, कन्नडमध्ये. पोरगं बेंगळूरला. तारीख तेवढी कळतेय. पाऊस पडूलाय म्हणून कुणाकडं गेलो नाही. यात काय लिहिलंय?

शाळेचा_डबा:
नाना, फोटो टाका. नाव, नंबर झाकून टाका. माझी पोरगी आता कन्नड फाडफाड वाचते.

अनगोळचा_नाना:
टाकला बगा.

शाळेचा_डबा:
वाचलं तिनं. पाडायची नाही नाना, घाबरू नका. हक्कुपत्रासाठी, म्हणजे जागेच्या हक्काच्या कागदासाठी, कागद मागवलेत. रेशन कार्ड, आधार, लाइट बिल, राहत असल्याचा पुरावा. दहा दिवसांची मुदत, त्यातले चार गेले.

मीटरवाली:
घर नाना तुमच्या नावावर का वडिलांच्या?

अनगोळचा_नाना:
वडिलांच्या. ते वारले. आम्ही तिघं भाऊ.

मीटरवाली:
मग मृत्यूचा दाखला आणि वंशावळ लागेल, भावांच्या सह्या लागतील. वंशावळीला वेळ जातो, उद्याच नाडकचेरीत (महसूल खात्याच्या ऑफिसात) अर्ज द्या आणि अर्जाची पोच नोटिशीच्या उत्तराला जोडा. सगळं द्या ते झेरॉक्स, ओरिजिनल कुणाच्या हातात देऊ नका.

खटखट:
नाना, मी अनगोळ नाक्यावरून रोज जातो. उद्या नऊला गाडी घेऊन येतो, दोघं जाऊ. घरपट्टीच्या जुन्या पावत्या असतील तर त्याही काढून ठेवा, वडिलांच्या नावच्या असल्या तरी चालतात.