संडरलंडचा 1973 चा एफए चषक: एका बचावाची कमाई की सबंध हंगामाची?

पूर्वार्ध यांचा प्रश्न

इंग्लंडमधल्या एफए चषक या फुटबॉलच्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या 1972-73 च्या हंगामाचा विषय निघाला की दोनच दृश्ये पुन्हा पुन्हा दाखवली जातात. अंतिम सामन्याच्या वेम्ब्ली मैदानावर संडरलंडचा गोलरक्षक जिम माँटगोमेरीने लागोपाठ अडवलेले दोन प्रयत्न हे पहिले, आणि शेवटची शिट्टी होताच अंगात रेनकोट व डोक्यावर टोपी अशा वेशात मैदानात धावत सुटलेले व्यवस्थापक बॉब स्टोको हे दुसरे. दुसऱ्या विभागातल्या (म्हणजे लीगच्या वरून दुसऱ्या स्तरातल्या) संडरलंडने 5 मे 1973 रोजी गतविजेत्या लीड्स युनायटेडला 1-0 असे हरवले, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. त्याआधीच्या फेऱ्यांत काय घडले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

मला विचारायचे आहे ते असे, की हा विजय म्हणजे एका दिवसाचा योगायोग होता, की त्या संघाने तो वाटेत हळूहळू कमावला होता? शिवाय 2024-25 च्या हंगामापासून पहिल्या फेरीपासून पुढचे सगळे पुनर्सामने (बरोबरी झाल्यावर पुन्हा खेळायचे सामने) रद्द झाले आहेत. हाच नियम तेव्हा असता, तर संडरलंड वेम्ब्लीपर्यंत पोहोचले असते का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

जुनी नोंदवही यांचा प्रतिसाद

योगायोग म्हणणाऱ्यांनी आधी नोव्हेंबर 1972 मधले संडरलंड पाहावे. संघ दुसऱ्या विभागाच्या तळाकडे रेंगाळत होता, प्रेक्षक पाठ फिरवत होते, आणि अशा वेळी व्यवस्थापक म्हणून आले ते बॉब स्टोको, म्हणजे संडरलंडच्या कट्टर प्रतिस्पर्धी न्यूकासल युनायटेडचे जुने बचावपटू. 1955 चा एफए चषक त्यांनी न्यूकासलकडून जिंकला होता. त्या अंतिम सामन्यात हरलेल्या मँचेस्टर सिटीच्या संघात डॉन रेव्ही खेळत होते, आणि 1973 मध्ये हेच रेव्ही लीड्सचे व्यवस्थापक म्हणून समोर उभे ठाकले. अठरा वर्षांनी दोघांची गाठ त्याच मैदानावर पडली.

स्टोकोंनी आल्याबरोबर संघाच्या पांढऱ्या चड्ड्या बदलून जुन्या काळ्या चड्ड्या परत आणल्या. ही गोष्ट दिसायला किरकोळ आहे, परंतु त्या शहराने ती मनावर घेतली. खरे काम पुढे झाले. न्यूकासलकडून रॉन गथ्री आणि डेव्हिड यंग यांना घेतले, ल्यूटनकडून आघाडीवीर व्हिक हॅलम आला, आणि मुळात आघाडीवर खेळण्यासाठी विकत घेतलेला डेव्ह वॉटसन त्याच हंगामात मध्य-बचावात स्थिरावला. हाच वॉटसन पुढे इंग्लंडकडून 65 सामने खेळला, यावरून त्या बदलाची किंमत कळावी.

आता वाटचाल पाहू. तिसऱ्या फेरीत तिसऱ्या विभागातल्या नॉट्स काउंटीशी त्यांच्या मैदानावर 1-1 अशी बरोबरी झाली आणि घरचा पुनर्सामना 2-0 असा जिंकला. चौथ्या फेरीत तर चौथ्या विभागातल्या रेडिंगने संडरलंडच्या रोकर पार्क या घरच्या मैदानावर येऊन 1-1 असे रोखले. त्या रेडिंगचे व्यवस्थापक होते संडरलंडचेच लाडके माजी बचावपटू चार्ली हर्ली. तो पुनर्सामना रेडिंगच्या मैदानावर 3-1 असा निघाला. इथवर कोणी या संघाची दखल घेण्याचे कारणच नव्हते.

खरे वळण पाचव्या फेरीत आले. कॉलिन बेल, फ्रान्सिस ली, माइक समरबी आणि रॉडनी मार्श अशी नावे बाळगणाऱ्या मँचेस्टर सिटीशी मेन रोडवर 2-2 अशी बरोबरी झाली, आणि 27 फेब्रुवारीच्या रात्री पन्नास हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर रोकर पार्कवर पुनर्सामना झाला. हॅलमने पेटीच्या उजव्या बाजूने, अवघड कोनातून मारलेला पहिला गोल आजही त्या मैदानावरच्या सर्वोत्तम गोलांत मोजला जातो. पुढचे दोन बिली ह्यूजने केले आणि सामना 3-1 असा सुटला. तिथल्या जुन्या प्रेक्षकांना विचारले, तर त्यांच्यापैकी कित्येकजण वेम्ब्लीच्या आधी या रात्रीचे नाव घेतात. माझेही मत तेच आहे.

उपांत्यपूर्व फेरीत ल्यूटनला घरी 2-0 असे हरवले. गोल वॉटसन आणि गथ्री यांचे, म्हणजे दोन्ही बचावपटूंचे. उपांत्य सामना 7 एप्रिलला हिल्सबरोवर आर्सेनलशी झाला. आर्सेनल 1971 आणि 1972 अशी सलग दोन वर्षे अंतिम सामना खेळलेले होते आणि त्या हंगामात लीगमध्येही दुसरे आले. जेफ ब्लॉकलीने गोलरक्षकाकडे दिलेला तोकडा पास हॅलमने मध्येच उचलला, नंतर ह्यूजने हेडर मारला, आणि चार्ली जॉर्जचा गोल येईपर्यंत आर्सेनलला फार उशीर झाला होता. सामना संपल्यावरही संडरलंडचे लोक जागचे हलेनात. स्टोकोंना पुन्हा बाहेर यावे लागले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

म्हणजे लीड्सला भेटण्याआधी या संघाने पहिल्या विभागातले दोन मोठे संघ घरी धाडले होते. याला योगायोग म्हणणे मला तरी पटत नाही.

---

आडवी दांडी यांचा प्रतिसाद

वरील प्रतिसाद उत्तम आहे. मी फक्त अंतिम सामन्याविषयी लिहितो, कारण तो सामना त्या बचावापुरता आठवला जातो आणि त्यामुळे बाकीच्या दहाजणांवर अन्याय होतो.

लीड्सच्या संघातले एकदोन वगळता सगळे आंतरराष्ट्रीय खेळाडू होते. संडरलंडच्या अकरांपैकी एकही तोवर आपल्या देशाच्या मुख्य संघातून खेळलेला नव्हता. लीड्सचा डाव्या बाजूचा एडी ग्रे संडरलंडचा उजवा बचावपटू डिक मॅलोन याला नाचवणार, असे भाकीत सामन्याआधी जो तो करत होता. स्टोकोंनी यावर तोड काढली. कर्णधार बॉबी कर, जो मैदानावरच्या सर्वांत बुटक्या खेळाडूंपैकी एक होता, सतत मागे येऊन मॅलोनच्या जोडीला उभा राहत होता. ग्रेला चेंडू मिळाला की समोर एक नव्हे, दोघे असत. दुसऱ्या सत्रात रेव्हींना ग्रेला बाहेर काढून टेरी योरथला उतरवावे लागले. माझ्या मते सामन्याचा निकाल जितका गोलपेटीत लागला तितकाच या कोपऱ्यात लागला.

गोल 32 व्या मिनिटाला झाला. ह्यूजने कॉर्नर मारला, गर्दीतून चेंडू हॅलमच्या अंगाला लागून इयान पोर्टरफील्डकडे आला. पोर्टरफील्ड डावखुरा, त्याने डाव्या मांडीवर चेंडू थोपवला आणि खाली पडायच्या आत उजव्या पायाने, होय, उजव्याच पायाने, जाळ्यात मारला. डाव्या पायावर घ्यायला वेळ नव्हता, हेच त्याच्या पथ्यावर पडले असावे.

आता तो बचाव. दुसऱ्या सत्रात उजवीकडून चेंडू दूरच्या खांबाकडे आला आणि ट्रेव्हर चेरीने झेपावून हेडर मारला. माँटगोमेरीने सूर मारून तो हाताने ढकलला, पण चेंडू गेला तो थेट पीटर लॉरिमरकडे. ज्याच्या फटक्याचा जोर सबंध इंग्लंडमध्ये गाजलेला होता, तो लॉरिमर आता काही पावलांवर उभा, आणि गोलरक्षक जमिनीवर. माँटगोमेरी अर्धवट उठला, हात वर गेला, आणि चेंडू हाताला लागून आडव्या दांडीवर आदळून बाहेर आला. पहिल्यांदा पाहताना लॉरिमरनेच दांडीवर मारला असे वाटते. हात लागलेला दिसतो तो चित्रफीत सावकाश चालवल्यावर. पहिला चेंडू ढकलल्यानंतर तो कुठे गेला हे बघायलासुद्धा त्याला उसंत नव्हती, तरी तो पडून न राहता वळला. याला नशीब म्हणावे, तर मग गोलरक्षणात कौशल्य म्हणून काही उरतच नाही.

---

लीड्सकर यांचा प्रतिसाद

नावावरून माझा पक्ष कळतोच, तेव्हा दुसरी बाजू मांडतो.

लीड्सच्या बाजूने एक सबब नेहमी पुढे केली जाते, ती दमणुकीची. लीग, एफए चषक आणि युरोपातला चषक विजेत्यांचा चषक अशा तीन आघाड्यांवर तो संघ मे महिन्यापर्यंत लढत होता. जॅक चार्लटन दुखापतीमुळे बाहेर होता, आणि टेरी कूपरचा पाय आदल्या हंगामातच मोडल्यामुळे डाव्या बचावात चेरी खेळत होता. हे सगळे खरे आहे. तरीही ही सबब मला पुरेशी वाटत नाही, कारण अंतिम सामन्यानंतर काही दिवसांतच याच संघाने लीगमध्ये आर्सेनलला 6-1 असे लोळवले. दमलेला संघ असा खेळत नाही. 16 मे रोजी थेसालोनिकीमध्ये मिलानकडून 1-0 अशी हार पत्करावी लागली, तो सामना पंचांच्या कामगिरीमुळे बदनाम आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

लीड्सचे चुकले ते असे, की एक गोल पिछाडीवर पडल्यावर त्यांच्याकडे तासभर होता आणि त्या तासाचा उपयोग त्यांनी नेहमीच्या सराईतपणे केला नाही. चेंडू त्यांच्याकडेच अधिक होता, परंतु बिली ब्रेम्नर आणि जॉनी जाइल्स या जोडीने एरवी जो ताल धरलेला असे, तो त्या पावसाळी दुपारी सापडला नाही. आमच्या बाजूचे लोक माँटगोमेरीच्या बचावाकडे बोट दाखवतात, ते त्यामुळेच. बाकीच्या वेळेविषयी बोलणे अवघड जाते. शिवाय शेवटी शेवटी हॅलमचा एक चांगला प्रयत्न डेव्हिड हार्वेने अडवला, म्हणजे 2-0 सुद्धा होऊ शकले असते, हे कोणी लक्षात घेत नाही.

तेव्हा योगायोग नाही, हे मान्य. पण "कमावलेला" विजय म्हणतानाही थोडे जपून बोलावे, असे मला वाटते. हे दोन संघ त्या हंगामात दहा वेळा भेटले असते तर लीड्सने आठ तरी सामने जिंकले असते. बाद फेरीच्या स्पर्धेत एकदाच भेटायचे असते, आणि त्या एका भेटीची तयारी संडरलंडने अधिक चांगली केली होती.

---

दुसरा लेग यांचा प्रतिसाद

पुनर्सामन्यांचा प्रश्न राहिला आहे, त्याविषयी लिहितो.

त्या काळी बरोबरी झाली की सामना दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा होई, तिथेही निकाल लागला नाही तर तटस्थ मैदानावर, आणि असे कितीही वेळा चाले. एका पुनर्सामन्यानंतर पेनल्टी घेण्याची पद्धत 1991-92 पासूनची आहे. संडरलंडने अंतिम सामना धरून एकूण नऊ सामने खेळले आणि त्यातले तीन पुनर्सामने होते. आजचा नियम लावला तर नॉट्स काउंटी, रेडिंग आणि मँचेस्टर सिटी या तिन्ही लढती त्याच दिवशी जादा वेळ व पेनल्टीवर सुटल्या असत्या.

पुनर्सामन्याने लहान संघाचे भले होते, असे सरसकट म्हटले जाते. इथे मात्र चित्र मिश्र आहे. सिटीविरुद्ध निःसंशय फायदा झाला, कारण मेन रोडवरची लढत रोकर पार्कवर आणता आली. पण रेडिंगविरुद्ध संडरलंड हाच मोठा संघ होता, आणि घरी जिंकता न आल्यामुळे त्यालाच परगावी जाऊन नाक वाचवावे लागले. पेनल्टी असत्या तर चौथ्या विभागातल्या संघाने त्या दिवशी रोकर पार्कवरच कारभार आटोपला असता, हे अगदी शक्य होते.

आणखी एक गोष्ट वर राहून गेली. लीड्सचीही तिसरी फेरी सोपी नव्हती. नॉर्विचशी दोनदा 1-1 अशी बरोबरी झाल्यावर व्हिला पार्कवर तिसरा सामना झाला आणि तो त्यांनी 5-0 असा जिंकला. त्यात ॲलन क्लार्कचे तीन गोल होते. म्हणजे पेनल्टीचा नियम असता तर कदाचित गतविजेते लीड्सच जानेवारीत बाहेर पडले असते, आणि मग आपण हा धागा कोणत्या अंतिम सामन्यावर काढला असता, कोण जाणे.

पूर्वार्ध यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर द्यायचे, तर पुनर्सामन्यांशिवाय ते पोहोचले असते की नाही हे सांगता येणार नाही, मात्र सिटीविरुद्धची ती रात्र झाली नसती, हे नक्की. आणि ज्या संघाला नोव्हेंबरमध्ये स्वतःचे मैदान भरता येत नव्हते, त्याला आर्सेनलसमोर न डगमगता उभे राहण्याचा विश्वास त्या रात्रीनेच दिला, असे माझे मत आहे.

---

पूर्वार्ध

सर्वांचे आभार. लीड्सकर यांचा प्रतिसाद विशेष आवडला, कारण हरलेल्या बाजूने इतके मोकळेपणाने क्वचितच लिहिले जाते. एकच उपप्रश्न आहे: चषक जिंकल्यावर संडरलंड त्याच वर्षी पहिल्या विभागात का गेले नाही?

---

जुनी नोंदवही

कारण चषक जिंकल्याने लीगमधले गुण वाढत नाहीत! त्या हंगामात त्यांनी तळाकडून सहाव्या स्थानापर्यंत मजल मारली, पण तेव्हा दुसऱ्या विभागातून वर जाणारे संघ दोनच होते आणि सुरुवातीचे गमावलेले गुण भरून निघणे शक्य नव्हते. पुढच्या मोसमात चषक विजेत्यांच्या चषकात त्यांनी बुडापेस्टच्या वाशाशला हरवले आणि लिस्बनच्या स्पोर्टिंगकडून ते बाहेर पडले. दरम्यान संघ मोडत गेला. डेनिस ट्यूअर्ट आणि मिकी हॉर्सविल 1974 मध्ये आणि वॉटसन 1975 मध्ये, असे तिघेही मँचेस्टर सिटीकडेच गेले. बढती मिळाली ती 1976 मध्ये, आणि योग असा की त्याच वर्षी दुसऱ्या विभागातल्या साउथॅम्प्टनने मँचेस्टर युनायटेडला हरवून एफए चषक जिंकला. 1980 मध्ये वेस्ट हॅमने आर्सेनलविरुद्ध तेच केले. त्यानंतर वरच्या विभागाबाहेरच्या कोणत्याही संघाला ते जमलेले नाही.