तान्ह्या पोळ्याचा नंदी, कूलरचा गंज, गुळगुळीत स्क्रू : छोटं कॉर्डलेस रोटरी टूल कसं वापरावं?

झूल_नक्षी (नागपूर)
नमस्कार. १२ व्होल्ट, २ अँपिअर-अवर बॅटरीचं रोटरी टूल आहे, वेग ५,००० ते ३०,००० आरपीएम. वीतभर उंच सागवानी नंदीवर झुलीची नक्षी कोरायची आहे, कूलरच्या पत्र्याच्या टाकीतला गंज काढायचा आहे आणि खाचा गुळगुळीत झालेले स्क्रू सोडवायचे आहेत. सागावर बर (कोरायचं फिरतं पातं) टेकवला की लाकूड काळं पडतं. बर कोलेटमध्ये (त्याची दांडी पकडणाऱ्या नळीत) घसरतो, पातळ कटिंग डिस्क पटापट तुटतात आणि बॅटरी लवकर उतरते. नेमकं कुठे अडतंय?

वर्नियर
ताई, आधी बरची दांडी मोजा. स्वस्त कार्बाइड बर बरेचदा ३ मिमी दांडीचे असतात आणि टूलसोबतचं कोलेट ३.२ मिमीचं. नट कितीही आवळला तरी नीट पकड येत नाही, बर थरथरतो आणि रेघ जाड-बारीक होते. ३ मिमीचं वेगळं कोलेट लावा, किंवा छोटा तीन जबड्यांचा चक. सोनारकामाच्या बरची दांडी २.३५ मिमीची असते, तिला २.४ मिमीचं कोलेट चालतं. दांडी पूर्ण आत सारून एक-दोन मिमी मागे घ्या आणि मग नट आवळा. कोलेट रिकामं असताना नट कधीही घट्ट करू नका, ते चेपून बसतं.

आता जळण्याबद्दल. सागात सिलिका असते, त्यामुळे धार लवकर मरते. बोथट बर कापत नाही, नुसता घासतो, आणि त्या घर्षणानेच लाकूड काळवंडतं. दात भुशाने भरले तरी तेच होतं; टूल बंद करून पितळी ब्रशने साफ करत राहा. नक्षीला २-३ मिमीचा गोल बर आणि १५,००० ते २०,००० वेग. एका फेरीत अर्धा मिमीच खोल जायचं आणि एका जागी थांबायचं नाही.

टूल पेनासारखं धरा, करंगळी लाकडावर टेकलेली असू द्या. बर ज्या दिशेने फिरतो त्याच्या विरुद्ध सरकवा, नाहीतर तो लाकूड पकडून पळतो आणि झुलीच्या काठापासून थेट वशिंडापर्यंत चरा पडतो. जिथे लाकडाच्या रेषा (तंतू) आडव्या कापाव्या लागतात, तिथे चिपा उडतात. म्हणून तिथे आधी धारदार कटरने रेघ मारून घ्या. वशिंड आणि पाय १२० नंबरच्या सँडिंग ड्रमने, १०,००० च्या आसपास. शिंगांना टूल लावूच नका. बारीक जागी रेषा आडव्या आल्या असतील तर शिंग टचकन तुटतं. तिथे हाताने १८०, मग २४० चा पॉलिश पेपर.

पत्रा_आणि_रंग
डिस्क तुटते ती बाजूच्या दाबाने. कापताना मनगट जरा वळलं की साधी पातळ डिस्क गेलीच. मँड्रेलचा (डिस्क बसवायच्या दांडीचा) स्क्रू ढिला असला तरी तसंच. फायबर जाळीची डिस्क घ्या आणि तोंड डिस्कच्या सरळ रेषेत ठेवू नका. गॉगल हवाच. स्क्रूच्या डोक्यावर मधोमध सरळ खाच पाडा, साधारण १ मिमी खोल. गार झाला की गंज सोडवणारं तेल टाका, दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि खाचेत घट्ट बसणाऱ्या चपट्या पेचकसने फिरवा.

कूलरचा प्लग काढा, टाकी पूर्ण कोरडी करा. स्टीलचा वायर ब्रश १५,००० च्या वर फिरवायचा नाही, तारा सुटून अंगात रुततात. लावण्याआधी मिनिटभर मोकळा फिरवा, सैल तारा तेव्हाच उडून जातात. ब्रश फक्त गंजावरच. चांगल्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्यावर घासलात तर जस्ताचा थर जातो आणि पुढच्या हंगामात तिथूनच नवा गंज धरतो. उघड्या पडलेल्या लोखंडावर त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा प्रायमर, सुकल्यावर टाकीच्या आतून डांबरी काळा रंग.

सीताबर्डी_टूल्स
पत्र्याबद्दल थोडा वेगळा मुद्दा. अख्खा तळ या टूलने घासायला घेऊ नका. सपाट भागाला हाताने ८० नंबरचा पेपर जास्त लवकर काम करतो. टूल फक्त कोपरे आणि बोल्टच्या भोवती.

बॅटरीचं गणित साधं आहे. १२ गुणिले २ म्हणजे २४ वॅट-अवर. दाबून काम केलं आणि मोटरने ६० वॅट ओढले, तर २४ मिनिटांत खेळ खलास. हलक्या हाताने २० वॅटवर चाललं तर तासाभराहून जास्त. मोटरचा आवाज खाली आला की हात उचला. लिथियम-आयन सेल साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा तिथवर जातोच. काम झाल्यावर बॅटरी अर्धा तास गार होऊ द्या, सकाळी घरात चार्ज करा. गाडीच्या डिक्कीत ठेवू नका.

झूल_नक्षी
सगळ्यांचे मनापासून आभार. दांडी ३ मिमीचीच निघाली. याच टूलने विळीला धार लावता येईल का?

वर्नियर
येईल, पण जपून. अॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड, वेग १०,००० च्या आत, पात्याच्या मूळच्या उतारावरून एकेक हलका हात. पातं बोटाला चटका देण्याआधी पाण्यात बुडवा. काठावर निळा रंग दिसला की पोलादाचं पाणी उतरलं, तो भाग पुन्हा धार धरत नाही. शेवटची धार साध्या ओल्या दगडावर हातानेच काढा. आणि सागाचा भुसा नाकात, घशात झोंबतो, काहींना त्याने पुरळही येतं. कोरताना एन-९५ मास्क लावा, ओढणी आणि केस बांधलेले असू द्या.