टेक्ट्रॉनिक्स ५४५ ऑसिलोस्कोप सुरू करायचा आहे, आणि हॉवर्ड व्होलमबद्दल थोडं

मिलर_सर्किट (बेळगाव)
नमस्कार मंडळी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांसमोर तासाभर बोलायचं आहे. विषय हॉवर्ड व्होलम, ऑसिलोस्कोप (विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) डिझाइन करणारा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. टेबलावर त्याच्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीचा ५४५ स्कोप चालू ठेवायचा विचार आहे. तो उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये वीसेक वर्षं बंद पडून होता. आत फाउंड्रीची काळी धूळ आहे, टाइप सीए प्लग-इन (सिग्नल आत घेणारा सुटा भाग) बसवलेलं आहे. डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) हळूहळू व्होल्टेज चढवत नेलं तर चालेल ना? आणि व्होलमच्या कामातलं नेमकं काय दाखवावं?

ग्रिड_बायस (निपाणी)
डिमरस्टॅटची युक्ती या स्कोपला लागू पडत नाही. यात थर्मल डिले रिले आहे: आधी व्हॉल्व्हचे हीटर तापतात, साधारण अर्ध्या मिनिटानं एचटी (व्हॉल्व्हना लागणारा उच्च डीसी दाब) लागते. कमी व्होल्टेजवर रिले ओढतच नाही, आणि ओढतो तेव्हा कपॅसिटरवर जवळजवळ पूर्ण दाब एकदम येतो. सिरीज बोर्डाचा (करंट अडवायला मध्ये जोडतात तो) शंभर वॅटचा बल्बही उपयोगाचा नाही, स्कोप ५०० वॅटच्या वर घेतो.

त्याऐवजी इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुटे करून रिफॉर्म करा, म्हणजे हळूहळू व्होल्टेज देऊन आतला इन्सुलेशनचा थर परत तयार करा. एक टोक सोडवा, ४७ किलोओहम ५ वॅटच्या रेझिस्टरमधून बेंच सप्लाय द्या आणि दोन-तीन तासांत रेटेड व्होल्टेजपर्यंत न्या. रेझिस्टरवर ४७ व्होल्ट पडले म्हणजे गळती १ मिलिअँपिअर. चार तासांनंतरही गळती त्याच्या वरच राहिली तर कपॅसिटर बदला. एका डब्यात दोन-तीन सेक्शन असतात, प्रत्येक वेगळा तपासायचा.

त्याआधी धूळ. फाउंड्रीच्या धुळीत कोळसा आणि लोखंड असतं, म्हणजे ती वीज वाहते. एचटीच्या भागात ती राहिली की गळती आणि ठिणगी ठरलेलीच. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम वापरा, ब्लोअरनं आत ढकलू नका. काम पावसाळ्यात निघालं तर झाकण लावण्याआधी दोन दिवस बल्बच्या उबेत ठेवा.

ट्रान्सफॉर्मरचं वायरिंग ११७ वर आहे की २३४ वर, हे पट्टी उघडून बघा. डिमरस्टॅट हवाच असेल तर लाइन २३४ वर धरून ठेवायला वापरा. अर्थिंगची पिन काढू नका.

चालू केल्यावर पहिलं मोजायचं ते सप्लायचं −१५० व्होल्ट. बाकीचे +१००, +२२५, +३५० आणि +५०० त्याच्याच तुलनेत ठरतात, त्यामुळे −१५० चुकलं की सगळं चुकतं. २ टक्क्यांची मुभा, म्हणजे १४७ ते १५३. जुन्या सेटमध्ये सेलेनियम रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारे भाग) असतात. जळक्या लसणासारखा उग्र वास आला तर लगेच बंद करून खिडक्या उघडा, तो धूर विषारी आहे. जागी सिलिकॉन डायोड लावले तर व्होल्टेज वाढतं, म्हणून सिरीज रेझिस्टर लागतो.

पिक्चर ट्यूबवर एकूण सुमारे १० किलोव्होल्ट आहेत. आत हात घालताना एक हात खिशात.

चांदीचं_टाकण (खानापूर)
पार्ट बदलताना साधं सोल्डर नको. आतल्या पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्यांच्या खाचांना चांदीचा मुलामा असतो. साधं कथील-शिसं वारंवार लावलं की चांदी विरघळून निघते, मग जोड धरत नाही. २ ते ३ टक्के चांदीचं सोल्डर आणा. बऱ्याच सेटमध्ये कंपनीनंच आत गुंडाळी अडकवलेली असते, आधी ती शोधा. वायर उपसताना पट्टीवर जोर देऊ नका, ती फुटते.

ट्रिगर_लेव्हल (बेळगाव)
व्होलमची पदवी इलेक्ट्रिकलची नाही, भौतिकशास्त्राची, रीड कॉलेज, १९३६. पोरांना हे मुद्दाम सांगा. पुढे पोर्टलंडमध्ये जॅक मरडॉकच्या दुकानात रेडिओदुरुस्ती, मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराची सिग्नल कोअर आणि इंग्लंडमध्ये रडारचं काम. रडारचे पल्स मायक्रोसेकंदांचे असतात, आणि त्या काळच्या स्कोपचा स्वीप (पडद्यावर ठिपक्याची डावीकडून उजवीकडे धाव) आपल्याच गतीनं फिरत राहायचा. पल्स कधी येतो याची तो वाट बघत नसे. त्यामुळे अनियमित पल्स पडद्यावर ठरायचाच नाही. १९४६ मध्ये मरडॉकबरोबर टेक्ट्रॉनिक्स काढली आणि १९४७ मध्ये ५११ आला: १० मेगाहर्ट्झ, ट्रिगर झाल्यावरच, म्हणजे सिग्नलनं इशारा दिल्यावरच, सुटणारा स्वीप, वेळ आकड्यात वाचता येईल असा, किंमत ७९५ डॉलर. माझ्या मते हा ट्रिगर हाच तुमच्या तासाचा गाभा. ५४५ मात्र व्होलमच्या एकट्याच्या नावावर लावू नका. १९५४-५५ पर्यंत तिथं डिझाइन करणाऱ्यांची मोठी टीम होती.

मिलर_सर्किट
विषयातलं ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअर’ बदलतो. ट्रिगर पोरांना दाखवायचा कसा, ते सांगा की.

ट्रिगर_लेव्हल
स्कोपचाच कॅलिब्रेटर पुरतो, तो साधारण १ किलोहर्ट्झची चौकोनी लहर देतो. कॅलिब्रेटर २ व्होल्टवर, प्लग-इन सेंटिमीटरला ०.५ व्होल्टवर, म्हणजे ४ सेंटिमीटर उंची भरते. टाइम सेंटिमीटरला ०.५ मिलिसेकंद, आडव्या १० सेंटिमीटरमध्ये पाच आवर्तनं. आता स्टॅबिलिटीचं बटण उजवीकडे पूर्ण फिरवा. स्वीप मोकळा सुटतो, लहर सरकत राहते. मग डावीकडे फिरवत ट्रेस नाहीसा होईपर्यंत या आणि किंचित पुढे जा. शेवटी ट्रिगरिंग लेव्हल हळू फिरवली की लहर जागच्या जागी उभी राहते.

ग्रिड_बायस
आदल्या दिवशी सलग दीड तास चालवून बघा. काही सेटमध्ये हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर तापला की अर्ध्या तासात ट्रेस फिका पडतो आणि पसरतो. असं झालं तर डेमो तासाच्या सुरुवातीलाच घ्या.